मी बदललेलं प्रकरण

माझी धाकटी बहीण सध्या दुसऱ्या भागात आहे. एका व्हॅम्पायरच्या प्रेमकथेचे सहा भाग आहेत, त्यातल्या दुसऱ्या. कुणीतरी ती मालिका मराठीत आणली आणि गोष्टींच्या एका ॲपवर टाकली, रोज एक प्रकरण. मी शाळेतून साडेचारला घरी येते तेव्हा ती पुढच्या खोलीत दिवाणावर पाय लांब करून बसलेली असते, फोन नाकाशी, आणि मी चप्पल काढायच्या आत आज काय झालं ते सांगायला लागते. मी "हो का" म्हणते आणि चहा ठेवायला आत जाते. तिसरा भाग सुरू व्हायला अजून किती दिवस, हे तिथे ओट्याशी उभी राहून बोटांवर मोजते.

बारा वर्षांपूर्वी ही मालिका मीच तिला वाचून दाखवली होती. पुस्तकं इंग्रजी होती आणि मी जागच्या जागी आमच्या बोलीत सांगत जायचे. तिसऱ्या भागातलं एक प्रकरण मी बदललं. चुकून नाही, समजून उमजून. तिनं त्यावर विश्वास ठेवला आणि पुढे जे व्हायचं नव्हतं ते झालं. आता खरं प्रकरण, मराठीत, रोज एक पाऊल टाकत तिच्याकडे येतंय. मी भूतखेत मानत नाही. पण आपण पुरलेलं काहीतरी वर येत असावं आणि आपण चहात साखर ढवळत उभं असावं, तशी माझी गेल्या महिन्यापासूनची अवस्था आहे.

तिला सिकलसेल आहे. आमच्या भागात हा शब्द बहुतेकांच्या ओळखीचा, तरी सांगते. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात, आणि हाडांतून अशी कळ जाते की माणूस उशी दातात धरतो. आईबाबा दोघांकडून दोष आला तरच हे होतं. तिला दोघांकडून आला, मला एकाकडूनच, म्हणून मला काही होत नाही. ही वाटणी कुणी केली, असं मी एकदा डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, नशीब.

उन्हात हिंडायचं नाही, पाणी पीत राहायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि रक्त फारच उतरलं की यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन चढवून घ्यायचं. दिग्रसहून दारव्ह्यावरून एसटीनं दोन तास. बाबा कचेरीत कारकून, त्यांना रजा मिळायची मारामार. आईला गाडी लागायची. म्हणून सोबतीला मी. अकरावीत होते तेव्हापासून मीच. एम.ए. सुद्धा घरी बसून, बाहेरून केलं.

पुस्तकं आली एका मैत्रिणीकडून. तिचं लग्न ठरलं, तेव्हा तिनं सहा जाडजूड पुस्तकांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "हे सासरी नाही नेता येत वं." मी पहिलं पुस्तक दवाखान्यात घेऊन गेले ते स्वतःसाठी. रक्ताची पिशवी थेंब थेंब रिकामी व्हायला चार तास लागतात आणि तेवढा वेळ भिंतीवरची पाल पाहण्यात घालवता येत नाही. पण बाजूच्या खाटेवरून हिनं विचारलं, काय वाचून राह्यली? मी सांगितलं. ती म्हणाली, मंग मोठ्यानं वाच ना.

त्यातला नायक तीनशे वर्षांचा उमराव. काळा कोट, पांढराफटक चेहरा, सदा दुःखी. इंग्रजीत तो म्हणायचा की काळाच्या अंतापर्यंत मी तुझी वाट पाहीन. मी सांगायचे, "तो म्हनते, तू ये नाहीतर नको येऊ, मी इथीच बसून राह्यलो." ती इतकी हसायची की सुईचा हात हलायचा आणि सिस्टर येऊन आम्हा दोघींना दम भरायच्या. घरी आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "रक्त पेनाऱ्या भुताची कायची पोथी लावली या पोरीनं." पण पोरगी हसतेय हे तिनंही पाहिलं, आणि पुढच्या खेपेला पिशवीत डब्याशेजारी पुस्तक तिनंच ठेवलं.

माझ्या बहिणीला त्या पुस्तकांत काय दिसलं, हे मला चौथ्या-पाचव्या खेपेला कळलं. नायिका त्याचा हात पहिल्यांदा हातात घेते आणि तो बर्फासारखा थंड असतो, असं मी वाचत होते. तिनं थांबवलं. म्हणाली, "ताई, ह्याचे हात माह्यासारखे थंड. ह्याले बी उनात जाता येत नाही. ह्याले बी दुसऱ्याचं रक्त लागते. पन ह्याले कोनी बिचारा म्हनत नाही, पाह्य." मी पाहिलं. जन्मभर जिला नातेवाइकांनी डोळ्यांचा पिवळेपणा बघून "च् च्" केलं, तिला एका पुस्तकात आपलीच सगळी लक्षणं एका देखण्या माणसाला डकवलेली सापडली होती. त्या दिवशी तिला बाबांच्या कचेरीतल्या शिपायाचं रक्त मिळालं होतं. ती म्हणाली, आता मले दर अर्ध्या घंट्यानं चहा लागन. मी त्या दिवशी खूप हसले, आणि एसटीत खिडकीकडे तोंड करून रडलेही.

मला स्वतःला त्या मालिकेचा राग यायचा. अजूनही येतो. हा तीनशे वर्षांचा थेरडा पोरीच्या खिडकीत बसून ती झोपलेली असताना तिच्याकडे टक लावून पाहतो आणि ती जागी झाल्यावर लाजते. आमच्या गल्लीत कुणी असं केलं असतं तर आईनं चपलेनं मारलं असतं. नायिकेला ना काम, ना नातलग, ना परीक्षा. शिवाय गोष्ट संपतच नाही. दुसऱ्या भागाच्या शेवटी तो मरतो, तिसऱ्याच्या सुरुवातीला उठतो. लेखिकेनं च्युइंगमसारखी ताणली आहे आणि वाचणारी ताणू देते, कारण दर भागाच्या शेवटी तिला एक घास कमी वाढलेला असतो. हे सगळं मला तेव्हाही दिसत होतं. तरी पुढचं पुस्तक मी घरी आधीच वाचून संपवायचे, हेही खरं. मला पाहायला येणारे लोक दहा मिनिटं बसून पोहे खाऊन जायचे आणि नंतर कळवायचे नाहीत. तिथे कुणीतरी शंभर वर्षं एकाच मुलीची वाट पाहतो, हे वाचताना बरं वाटायचं. असल्या पुस्तकांची खोड अशी की ती वाईट आहेत हे कळूनही उपयोग होत नाही.

माझं जमत नव्हतं आणि तिला स्थळ आलं. ढाणकीचं, शेतीवालं घर, मुलगा बी.एस्सी. झालेला, वडिलांबरोबर शेती पाहणारा. त्यांनी हिला कुणाच्या तरी लग्नात पाहिलं होतं. मोठीच्या आधी धाकटीचं कसं, असं बाबा जरा म्हणाले. आई म्हणाली, हिच्यासाठी पुन्हा कोण येणार आहे? ते बरोबरच होतं.

सिकलसेल असल्याचं दवाखान्याचं कार्ड आईनं कपाटात, शालूच्या घडीत ठेवून दिलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणाली. आणि मग आमच्या घरानं एक युक्ती केली, जिची आठवण आजही माझ्या अंगावर काटा आणते. रक्त चढवल्यावर चार-पाच दिवस ती गुलाबी दिसायची. ओठांना रंग यायचा, डोळे निवळायचे. म्हणून बाबांनी पाहुण्यांना गुरुवार दिला आणि मंगळवारी आम्ही दोघी यवतमाळला गेलो. पुस्तकातला तो उमरावही मेजवानीला जाण्याआधी हेच करायचा. हे तिच्याच आधी लक्षात आलं. पिशवीकडे बघत ती म्हणाली, "ताई, आपन मेजवानीची तयारी करून राह्यलो." पण या वेळी ती हसली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "मी त्याले सांगून टाकीन. पाच मिनिटं एकटं बोलू देतात ना, तवा."

तेव्हाची एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. मी नागपूरच्या एका कॉलेजात बी.एड.चा फॉर्म गुपचूप भरला होता. माझे मार्क पाहता नंबर लागणार हे नक्की होतं. हिचं लग्न झालं तर मी जाऊ शकणार होते आणि मोडलं तर नाही. वयाच्या तेवीस-चोवीस वर्षांत मी एकदाही घराबाहेर एकटी राहिले नव्हते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मी स्वतःला सांगत होते.

त्या मंगळवारी आम्ही तिसऱ्या भागात होतो. खऱ्या पुस्तकात असं आहे. नायिकेला तिसऱ्याच कुणाकडून कळतं की हा कोण आहे. तो म्हणतो, तू सोडून जाशील या भीतीनं मी लपवलं. ती त्याला माफ करत नाही. ती म्हणते, मी हो म्हटलंही असतं कदाचित, पण नाही म्हणायची माझी संधी तू खाल्लीस. आणि ती दार लावून घेते. तो सगळा हिवाळा बाहेर उभा. अख्खी मालिका रद्दीत घालावी पण हे एक प्रकरण ठेवावं, असं ते आहे. लेखिकेला तेवढ्यापुरती अक्कल आली होती.

मी पुस्तक समोर धरलं आणि वेगळंच वाचलं. तो भीत भीत सगळं सांगतो, तेही लग्न झाल्यानंतर. आणि ती त्याचे थंड हात आपल्या गालाला लावते आणि म्हणते, "एवढंच? मले वाटलं, काय सांगतोस. मले तं पहिल्या दिवसापासून मालूम होतं." मग मी पुढे वाढवत गेले. ती म्हणते, आधी सांगितलं असतंस तर मी घाबरले असते, आता मी तुला ओळखते म्हणून भीती नाही. प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते. मी फार छान वाचलं. इतकं छान मी वर्गातही कधी शिकवलं नाही. बहीण छताकडे बघत ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं विचारलं, "असं म्हनते ते?"

"असंच लिहिलंय," मी म्हणाले.

"मंग लग्नानंतर सांगीन," ती म्हणाली.

गुरुवारी ती इतकी सुंदर दिसत होती की मुलाच्या आईनं दृष्ट काढली. पाच मिनिटं ते दोघं मागच्या अंगणात बोलले. परत आली तेव्हा मी नजरेनंच विचारलं आणि तिनं मान हलवली. सांगितलं नव्हतं. मला हायसं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण हायसंच वाटलं होतं.

मे महिन्याच्या शेवटी लग्न झालं. पावसाळ्यात मी नागपूरला गेले, "आत्ताच नंबर लागला" असं सांगून. राखीला आम्ही दोघी दिग्रसला भेटलो, तेव्हा ती गोळ्यांचा साठा घेऊन गेली. सासरी मेथीदाण्याच्या डब्यात तळाशी ठेवते म्हणाली. मी विचारलं, सांगितलं का? ती म्हणाली, "चांगला आहे तो, ताई. सांगीन. आता नको, पोळा होऊ दे." पोळा झाला, मग महालक्ष्म्या झाल्या, मग सोयाबीन काढणीला आलं. या कथा हेच तर शिकवतात, की खरं सांगायलाही एक मुहूर्त असतो, चांदणं असतं, वारा असतो. संसारात तसला मुहूर्त येत नाही. तिथे पापड लाटायचे असतात.

काढणीच्या दिवसांत घरी वीसेक मजूर जेवायला. ती दिवसभर चुलीपुढे उभी, मग शेतात डबे पोचवायला उन्हातून. पाणी प्यायला फुरसत नाही. कळ सुरू झाली तेव्हा तिनं वात आहे म्हणून सांगितलं. सासूनं बिचारीनं दोन दिवस गरम तेलानं पाय रगडले. वाईट माणसं नव्हती ती. तिसऱ्या दिवशी ताप चढला, डोळे हळदीसारखे झाले, आणि तिला पुसदला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, सिकलसेल आहे का? तेव्हा नवऱ्याला कळलं. तिसऱ्याच कुणाकडून.

पुढे यवतमाळ. मी नागपूरहून थेट तिथे गेले. तिचा जीव वाचला, पण खुब्याच्या हाडाला रक्त पोचलं नव्हतं. रक्त पोचलं नाही की हाड आतल्या आत मरतं, असं डॉक्टरांनी समजावलं. ते मेलेलं हाड घेऊन ती आज काठीनं चालते. रोज सकाळी मला आधी काठीचा आवाज येतो, मग पाऊल घासल्याचा, मग "ताई, चहा झाला का". या तीन आवाजांनी माझा दिवस सुरू होतो, इतकी वर्षं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तिचा नवरा माझ्या शेजारी बाकावर येऊन बसला. त्याच्या हातात मेथीदाण्याच्या डब्यातल्या गोळ्यांची पाकिटं होती, रबर लावून नीट ठेवलेली. मला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली बघत म्हणाला, "ताई, मले आधी सांगतलं असतं तर मी नाही म्हनलं असतं. खोटं कायले बोलू. पन मी नाही म्हनलं असतं तर ती आज चालत असती."

मी बाकावरून उठून नळाकडे गेले आणि तोंड धुऊन आले. माझ्या डोक्यात त्या नायिकेचं वाक्य घुमत होतं, जे मी वाचलं नव्हतं. नाही म्हणायची संधी. पुस्तकात तिनं ते म्हटलं होतं आणि इथे हा शेतकऱ्याचा पोरगा, ज्यानं ते पुस्तक पाहिलंही नव्हतं, तेच म्हणत होता. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि त्याला कल्पनाही नव्हती की कुंपण त्याच्या शेजारी बसलं आहे.

वर्षभरात रीतसर फारकत झाली. त्यानं भांडण केलं नाही, तिच्या साड्या घडी घालून स्वतः आणून दिल्या. मी परीक्षा घरूनच जाऊन कशीबशी दिली, दिग्रसलाच शाळेत लागले. माझं लग्न मग मीच होऊ दिलं नाही. बाबा गेले. आता घरात आई आणि आम्ही दोघी आहोत. पुस्तकांचा तो गठ्ठा मी एका दिवाळीला रद्दीत दिला आणि तिला म्हटलं, वाळवी लागली होती. तिनं काही विचारलं नाही. चोराच्या मनात चांदणं, तसं मला तिच्या न विचारण्याचीही भीती वाटत राहिली. ती अचानक गप्प झाली की मला वाटायचं, कळलं. हसली की वाटायचं, कळून हसतेय.

आणि आता हे ॲप. हे लिहायला घेतलं त्यानंतर दुसरा भाग संपला, तिसरा सुरू झाला. ती मला रोज सांगत होती आणि मी रोज भाजी निवडत, वह्या तपासत ऐकत होते. एकदा मी ते ॲप तिच्या फोनमधून काढून टाकायचाही विचार केला. फोन हातात घेतला आणि ठेवला. बारा वर्षांपूर्वी एकदा तिच्या वाट्याचं पान मी खाल्लं होतं, पुन्हा तेच करवेना.

रविवारी दुपारी आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. मी टेबलाशी नववीच्या वह्या घेऊन बसले होते. ती दिवाणावर.

"ताई," ती म्हणाली, "ते प्रकरण झालं माह्यं."

"कोणतं?"

"ते दार लावून घेते ते."

यासाठी मी वाक्यं तयार ठेवली होती. कितीतरी वेळा मनात घोळवलेली, भाकरीच्या पिठासारखी मळून ठेवलेली. ती सगळी बाजूला राहिली. मी एवढंच म्हणाले, "मी तुले खोटं वाचून दाखवलं."

"मालूम आहे."

"आत्ता मालूम झालं."

"नाही वं, तवाच." तिनं फोन पालथा मांडीवर ठेवला. "अर्धा घंटा वाचून राह्यली होती तू, आन एकबी पान उलटवलं नाही. मले इंग्रजी येत नव्हतं, पन पान उलटवनं तं दिसते ना."

मला माझाच आवाज लांबून ऐकू आला. "मंग तवाच बोलली काहून नाही?"

ती माझ्याकडे न बघता दुखरा पाय हातानं उचलून सरळ करत होती. रोज दहादा करते तसाच. राग नव्हता तिच्या बोलण्यात. पाहुण्यांना गावचा रस्ता सांगावा तसं तिनं सांगितलं. "त्या दिवशी जाताना एसटीत चिल्लर पायजे होती, म्हनून तुह्यी पर्स उघडली. त्यात नागपूरच्या कॉलेजची पावती होती. मले वाटलं, माह्यापायी ही अजून किती वर्षं या दवाखान्यात बसन. आन तू इतकं मन लावून खोटं बोलून राह्यली होती. मंग मी हो म्हनलं."

नागपूरला मी सगळे मिळून तीन महिने राहिले होते.